बायजाबाईची चुकलेली वाट

प्रवरेच्या खोऱ्यात, डोंगर उतरून शेतांना टेकतात तिथे, आंबेदरा नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या मावळतीला पंचवीस-तीस ख्रिस्ती घरांची वस्ती, वस्तीच्या मधोमध कौलारू प्रार्थनामंदिर आणि त्याला लागून मिशनची शाळा. नाताळ आटोपला की शांतवनबाबा या वस्तीवर येत आणि थंडी सरेपर्यंत राहत. अंगात जाडीभरडी बंडी, खांद्यावर घोंगडी, हातात चिपळ्या, एवढाच त्यांचा संसार. प्रभू येशूचे नाव गात त्यांनी सारा मुलूख पायी पालथा घातला होता. आता वय सत्तरीपुढे गेले होते आणि छातीत खोकला घर करून बसला होता. कीर्तनात रंग भरला की नेमकी उबळ येई. बाबा उपरणे तोंडाशी धरत, मंडळी ताटकळून बसे, आणि उबळ ओसरली की बाबा जिथे सोडले तिथूनच पुढे गाऊ लागत. बाबा कोणाच्या घरी गेले आहेत हे लोकांना बाहेरूनच त्या खोकल्यावरून कळे.

या वस्तीत बायजाबाई नावाची एक विधवा होती. मूलबाळ नव्हते. प्रार्थनामंदिर झाडावे, शनिवारी सारवावे, शाळेत पाणी भरावे आणि आठवड्यातून एकदा पठार ओलांडून कोळगावच्या मिशन दवाखान्यातून वस्तीतल्या आजाऱ्यांची औषधे आणावीत, असे तिचे दिवस चालले होते. अक्षरओळख नव्हती. पण काही वर्षांमागे बाबांनी एका कीर्तनात सांगितले होते की, प्रभूला फक्त रविवारी भेटू नका, घरातल्या वडीलधाऱ्याला विचारावे तसे रोजच्या कामात त्याला विचारत चला. बायजाबाईने ते मनावर घेतले. खुराड्यातली कोंबडी दिसेना, तिने प्रभूला विचारले. सारवण आज करू की उद्या, तेही विचारले. झाडता झाडता तिचे हे बोलणे चाले आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानी पडे.

शाळेचे शमुवेलमास्तर शहरातल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून आलेले. वस्तीतल्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांमध्येही त्यांचे नाव होते. हुशार माणूस, अक्षर मोत्यासारखे, शिकवणेही चोख. पण आपण जे जाणतो ते इतरांना ठाऊक नाही, ही जाणीव त्यांच्या बोलण्यातून जात नसे. एका रविवारी उपासना सुटायच्या वेळी, सगळ्यांसमोर, त्यांनी बायजाबाईचा विषय काढला. देवाने माणसाला बुद्धी दिली ती वापरायला, कालवणात मीठ किती घालावे हेही त्यालाच विचारायचे तर डोके कशाला दिले, असे ते म्हणाले. मग मोठ्या गंभीर चेहऱ्याने त्यांनी विचारले, "बरं बायजाबाई, तो उत्तर काय देतो तेवढं तरी आम्हाला सांगा."

मंडळी हसली. बायजाबाई खाली मान घालून उभी राहिली. तिला राग आला नाही. ती गोंधळली. कारण मास्तरांनी नेमके तेच विचारले होते, जे ती स्वतः कोणाला विचारू धजत नव्हती. इतकी वर्षे ती विचारत होती आणि उत्तर एकदाही आले नव्हते. उपासनेत आपला अनुभव सांगायला, साक्ष द्यायला, उठलेले लोक सांगत, प्रभू मला असे बोलला, प्रभूने मला तसे सांगितले. तिला कधी काही ऐकू आले नाही. कोंबडी सापडली होती खरी, पण ती शोधून सापडली होती. सारवण कधी आज केले, कधी उद्या. प्रभूने सांगितले म्हणून केले असे तिला छातीवर हात ठेवून म्हणता आले नसते.

त्या दुपारी ती बाबांकडे गेली. बाबा शाळेच्या पडवीत उन्हाला बसले होते. बायजाबाईने मनातले सगळे त्यांच्यापुढे ओतले. तिचा गुंता आणखीही एक होता. एका कीर्तनात बाबा म्हणाले होते, रानातल्या पाखराकडे बघा, ते काही साठवत नाही, तरी देव त्याला चारतो. दुसऱ्या कीर्तनात म्हणाले होते, मुंगीकडे बघा, ती एक घटका रिकामी बसत नाही. मग माणसाने पाखरू व्हायचे की मुंगी? स्वस्थ बसून वाट पाहायची की उठून हातपाय हलवायचे?

बाबांनी उपरणे तोंडाशी धरले. एक उबळ येऊन गेली. मग म्हणाले, "बायजा, मलाही ते दर वेळी कळतंच असं नाही."

बायजाबाईला वाटले, बाबा आपली थट्टा करत आहेत. पण बाबांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"तू विचारत राहा," बाबा म्हणाले. "विचारून झालं की समोर जे काम दिसेल ते कर. ऐकू येणं न येणं तुझ्या हातात नाही. त्याचा घोर तू कशाला करतेस?"

बायजाबाई उठून घरी गेली. खरे सांगायचे तर आली तेव्हापेक्षा ती जास्तच गोंधळलेली होती.

पुढच्याच आठवड्यात तालुक्याच्या गावी आसपासच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा मोठा मेळावा भरला. वस्तीतले झाडून सारे पुरुष गाड्या जुंपून दोन दिवसांसाठी तिकडे गेले. बाबांचा खोकला वाढला होता म्हणून ते मागे राहिले. शमुवेलमास्तरही राहिले, कारण त्यांची पत्नी करुणाबाई हिचे दिवस भरत आले होते. लग्नाला नऊ वर्षे झाल्यावर घरात पहिला पाळणा हलणार होता.

मेळाव्याच्या पहिल्याच दिवशी, पहाटेपासून, करुणाबाईला कळा सुरू झाल्या. वस्तीतली सुईण गऊबाई आली. तिने दोन पिढ्यांची बाळंतपणे केली होती. पण दिवस कासराभर वर आला तरी सुटका होईना. तेव्हा तिने हाताने चाचपून पाहिले आणि बाहेर येऊन मास्तरांना सांगितले की मूल आडवे आले आहे, हे आपल्या हातचे काम नाही, कोळगावच्या डॉक्टरीणबाईंना आणा, आणि दुपारच्या आत आणा.

मास्तर स्वतःच निघाले होते. पण करुणाबाईने त्यांचा हात असा धरला होता की सोडवेना. शिवाय मास्तर परमुलखातले, पठारावरच्या वाटा त्यांना ठाऊक नव्हत्या. वस्तीत गाडी नव्हती, धावू शकेल असा दुसरा पुरुष नव्हता. आणि बाहेर असे धुके उतरले होते की शाळेच्या दारातून प्रार्थनामंदिर दिसत नव्हते. ती वाट सवयीची असलेले माणूस एकच होते. मास्तरांनी बायजाबाईला बोलावून घेतले.

संकटातही माणसाचा स्वभाव लगेच जात नाही. मास्तरांनी ऐकीव माहितीवरून तिला दोनदा बजावले, खिंड चढून गेल्यावर डाव्या हाताची वाट, तिथून सरळ कोळगाव. मग त्यांचा आवाज चढला.

"आणि हे बघा, वाटेत देवाला विचारत उभ्या राहू नका. इथं जीव टांगणीला लागलाय. सरळ जा."

बायजाबाईने मान डोलावली. बाबा काठी टेकत तेवढ्यात मास्तरांच्या ओट्यापाशी येऊन बसले होते. तिने जाता जाता त्यांच्याकडे पाहिले. "बाबा, धुकं लई हाय," ती म्हणाली.

"जा, बायजा," बाबा म्हणाले. "चुकलीस तरी जा."

हे काय सांगणे झाले, असे मनाशी म्हणत ती निघाली.

खिंडीपर्यंतची चढण तिच्या पायांना पाठ होती. वर आल्यावर मात्र तिला काही सुधरेना. तिथे तीन वाटा फुटतात. दर खेपेला दिसणारे वाकडे बोरीचे झाड नाही, पलीकडची टेकडी नाही, चहूकडे नुसते पांढरे. ती थांबली. मास्तरांनी थांबू नका म्हणून सांगितले होते हे तिला आठवले, तरी ओठ सवयीने हललेच. "प्रभू, यातली कंची?"

तिने कान दिला. पदरावरून दवाचा थेंब ओघळला. दुसरे काही ऐकू आले नाही.

तेव्हा समोर दिसेल ते करायचे म्हणून तिने पायाखाली पाहिले, डावी वाट नीट चाचपली आणि ती धरली. वाट बरोबरच होती. पण पठारावर गुरे फिरून फिरून आडव्यातिडव्या पायवाटा पडल्या होत्या, आणि आपण त्यातल्या कोणत्या वाटेला लागलो ते तिला समजले नाही. घटकाभराने पायाखाली कातळ लागला. कोळगावच्या वाटेवर कातळ नव्हता. ती मागे वळली, तर आली ती वाटही सापडेना. उजवीकडे चालली, झुडुपे लागली. डावीकडे चालली, पुन्हा कातळ.

खाली एक बाई तळमळते आहे, तिच्या पोटात जीव अडकला आहे, आणि आपण इथे घाण्याच्या बैलासारखे फिरतो आहोत. मास्तरांचे खरे होते की काय? आपण तिथे विचारत उभे राहिलो, तेवढ्यात तर वाट हुकली नसेल? की नीट विचारलेच नाही? की तो ऐकतच नाही, आणि इतकी वर्षे आपण भिंतीशी बोललो? तिला रडू आले. ती एका दगडावर बसली आणि म्हणाली, "मला न्हाई कळत. मी चुकले. आता तूच बघ." एवढेही नीट प्रार्थनेसारखे तिला म्हणता आले नाही.

आणि तेव्हा पुढच्या धुक्यातून खोकला ऐकू आला.

बायजाबाईने तो खोकला अंधारातसुद्धा ओळखला असता. आधी दोन कोरडे ठसके, मग लांबलेली उबळ, मग श्वास ओढल्याचा आवाज. ती ताडकन उठली. "बाबा!" तिने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा खोकला, पण जरा लांबून.

ती अधिकच चक्रावली. अशा गारठ्यात हे म्हातारे माणूस आपल्यामागे खिंड चढून आले? आणि मागून आले तर पुढे कसे निघाले? तिला बाबांचा राग आला आणि काळजीही वाटली. डॉक्टरीणबाईला शोधायचे की बाबांना धरून माघारी न्यायचे, हेही तिला ठरवता येईना. शेवटी, खोकला तरी ऐकू येतो आहे, कोळगाव तर कुठे आहे तेच ठाऊक नाही, म्हणून ती खोकल्याच्या मागे निघाली. ती भरभर चाले तसा तो पुढे सरके. ती दमून उभी राहिली की तोही एका जागी थांबून खोके. "बाबा, थांबा की वाईच," ती म्हणत होती. असे किती चालली ते तिला पुढे कधी सांगता आले नाही. मग खोकला थांबला. तिने चार पावले टाकली, आणि बैलाच्या गळ्यातली घुंगरे वाजली.

समोर एक छकडा तिरपा होऊन उभा होता. एक चाक घळीत गेले होते, कणा मोडला होता. गाडीवान बैल सोडून हताश बसला होता. आणि खाली दगडावर, मांडीवर चामडी पेटी घेऊन, कोळगावच्या डॉक्टरीण कृपाबाई बसल्या होत्या.

बायजाबाईने पहिला प्रश्न विचारला तो वेड्यासारखा. "बाबा कुठं गेले?"

कृपाबाईंनी दचकून वर पाहिले. "कोण बाबा? मावशी, इथं सकाळपासून चिटपाखरू आलेलं नाही."

मग एकेक उलगडत गेले. कृपाबाईही त्या मेळाव्याला निघाल्या होत्या. दवाखान्याला कुलूप लावून, कंपाउंडरला पुढे धाडून, त्यांनी पहाटेच कोळगाव सोडले होते. पठारावर धुक्यात गाडीवानाने रस्ता सोडला आणि गाडी इथे येऊन फसली. पेटी मात्र त्यांच्या सोबत होती, ती त्या कधीच मागे ठेवत नसत. मास्तरांच्या घरची हकिकत ऐकताच त्या उठून उभ्या राहिल्या. "चला. किती लांब आहे?"

बायजाबाईला काय सांगावे कळेना. आपण कुठे आहोत हेच तिला ठाऊक नव्हते. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, धुके जरासे फाटले, आणि खाली, अगदी पायाशी, शाळेची कौले दिसली. घटकान् घटका पठारावर भटकून ती आपल्याच गावावरच्या कड्यापाशी परत आली होती. तिथून शेळ्यांची एक वाट थेट वस्तीत उतरत होती.

कृपाबाई मास्तरांच्या घरात शिरल्या तेव्हा करुणाबाईची शुद्ध हरपत चालली होती. गऊबाईच्या मदतीने त्यांनी हात घातला. आतून काही काळ फक्त भांड्यांचा आणि हलक्या बोलण्याचा आवाज येत राहिला. मास्तर अंगणात उभे होते. दुपार कलायच्या सुमारास आतून तान्ह्याचे रडणे आले, आधी क्षीण, मग खणखणीत. मुलगी झाली होती. आई सुखरूप होती.

बायजाबाई मात्र ओट्यावर बसलेल्या बाबांपुढे कमरेवर हात देऊन उभी होती. "बाबा, ह्या वयात असं करायचं व्हय? डोंगरावर कशापायी आलात? आन् मला टाकून खाली कवा उतरलात?"

बाबांना काही समजेना. "मी कुठं आलो, बायजा? मी सकाळधरनं इथंच आहे."

गऊबाई हात पुसत बाहेर आली होती. तिने सांगितले की बाबा ओट्यावरून हलले नाहीत. सकाळभर त्यांच्या खोकल्याने घर दणाणत होते. मध्ये तर अशी उबळ लागली की करुणाबाईला त्रास होतो म्हणून मास्तरांनी त्यांना तुटकपणे तिथून जायला सांगितले, तरी ते इथेच बसून राहिले.

बायजाबाईने कमरेवरचे हात खाली घेतले. तिने खोकल्याची सारी गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता बाबांचे डोळे भरून आले.

"मग त्ये कोण होतं, बाबा?" तिने विचारले.

"मला ठाऊक नाही," बाबा म्हणाले. "मी इथं बसून एवढंच म्हणत होतो, बायजेला एकटी सोडू नकोस. पुढचं मला नाही सांगता येत."

हे सर्व मास्तर अंगणातून ऐकत होते. कृपाबाई हात धुवायला बाहेर आल्या तेव्हा सहज म्हणाल्या, मावशी कोळगावला पोहोचल्या असत्या तर दाराला कुलूप पाहून परत आल्या असत्या, आणि मग संध्याकाळपर्यंत इथे काय झाले असते ते सांगवत नाही. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी सांगितलेली वाट बरोबर होती. त्या बरोबर वाटेच्या शेवटी कुलूप होते. आपल्या सगळ्या शहाणपणाचे आता काय करावे, हे त्यांना उमजेना. डोके चालवणे चूक होते असेही नाही. चालवून चालवूनच तर त्यांनी माणूस धाडले होते. मग कुठे, काय चुकले?

ते बाबांच्या पायांशी वाकले. बाबांनी पाय झटकन वर ओढून घेतले. "इथं नाही, मास्तर. माझ्या हातून काही झालेलं नाही."

मास्तर बायजाबाईकडे वळले. "बायजाबाई, मी तुम्हाला चारचौघांत हसलो."

"ते जाऊ द्या," ती अवघडून म्हणाली. "लेकीचं तोंड बघा आधी."

त्याच वेळी आतून निरोप आला. करुणाबाई विचारत होती, मुलीचे नाव काय ठेवायचे? मास्तरांपाशी शब्दांची कधी वाण नव्हती. वस्तीतल्या निम्म्या पोरांची नावे त्यांनीच सुचवली होती. पण आता ते नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "तिला सांगा, विचारून येतो."

ते प्रार्थनामंदिराकडे चालू लागले. दाराची किल्ली बायजाबाईच्या कनवटीला होती, म्हणून तीही मागोमाग गेली. आत गारवा होता. मास्तर पुढे जाऊन उभे राहिले. रविवारी याच जागी ते अस्खलित प्रार्थना करत. आज त्यांना सुरुवात सुचेना. "कसं विचारता तुम्ही?" त्यांनी मागे न पाहता विचारले.

"मला कुठं येतंय, मास्तर," बायजाबाई म्हणाली. "मी आपली विचारते."

तेव्हा शमुवेलमास्तर गुडघे टेकून खाली वाकले आणि त्यांनी कपाळ सारवलेल्या जमिनीला लावले. बराच वेळ ते तसेच होते. आता निघावे की थांबावे हे बायजाबाईला कळेना, म्हणून तीही त्यांच्या मागे बसून राहिली.

त्या दिवशी काही उत्तर आले नाही. नाव ठरायला अकरा दिवस लागले. तोवर मास्तर रोज शाळा सुटली की तिथे येऊन वाकत आणि कोणी विचारले तर न लाजता सांगत, "अजून कळलं नाही. विचारतोय."

ज्या लेकरांना त्याचा आवाज कधीच ऐकू आला नाही, त्या साऱ्यांना प्रभू असाच हाताला धरून घरी आणो. आमेन.